काच काढलेल्या कॅमेऱ्याचा सूड

मी एक जुना कॅमेरा आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू शेवटी सगळ्यांना माफ करतात, हे मला ठाऊक आहे. मी त्यातला नाही. मी मनात अढी धरली, ती जपली आणि वेळ येताच पुरता सूड उगवला.

माझी उमेदीची नऊ वर्षे एका फोटो स्टुडिओत गेली. ओळखपत्राचे फोटो काढणे हे माझे काम. हनुवटी वर करा, कान दिसू द्या, हलू नका, एवढेच मी दिवसभर ऐकत असे. हजारो चेहरे मी नीट टिपले. पण फोटो चांगला आला की हात मालकाचा आणि वाईट आला की दोष माझा. भिंग तो शर्टाच्या टोकाने पुसे. आतला आरसा कधी अडकला, तर चार माणसांदेखत मला चापट मारी. पुढे त्याने नवा कॅमेरा घेतला आणि मला जमिनीवर ठेवले. मागचा पडदा पंख्याने उडू नये म्हणून त्याच्या कडेवर वजन लागते ना, ते वजन मी झालो. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला मला लागत. तेव्हापासून मी मालकावर दात धरून होतो.

त्याच स्टुडिओत ताई कामाला होती. संगणकावर लोकांच्या गालांवरचे मुरूम पुसून पुसून ती कंटाळली होती. तिला ताऱ्यांचे फोटो काढायचे होते आणि त्यासाठी ती कॅमेरा शोधत होती. तिची निवडण्याची तऱ्हा निराळी. ओळखीपाळखीतून तिने सहा कॅमेरे मागून आणले, सातवा मी. प्रत्येकाच्या भिंगावर झाकण लावून तिने पाच-पाच मिनिटे नुसत्या काळोखाचा फोटो घेतला. मालक म्हणाला, झाकण लावून फोटो काढणारी पहिलीच शहाणी पाहिली. पण इतका वेळ डोळा उघडा ठेवला की कॅमेरा तापतो आणि नसलेले ठिपके दाखवू लागतो. मग त्यांतून खरे तारे ओळखायचे कसे? त्या सहाही जणांनी थापा मारल्या. कुणाच्या काळोखात तांबडे ठिपके, कुणाच्या निळे. माझा काळोख तेवढा काळाकुट्ट निघाला. खोटे न बोलणे हा माझा गुण आहे, हे मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी सांगितले.

तिने मला मागितले, तेव्हा मालक म्हणाला, ने बाई, ब्याद गेली.

ताईने मला एका घड्याळजीकडे नेले. आकाशातले काही वायूचे ढग गडद लाल प्रकाशाने उजळतात, आणि आमच्या आत एक पातळ काच असते, ती नेमका तोच प्रकाश अडवते. घड्याळजीने ती काढून तिच्या जागी साधी पारदर्शक काच बसवली.

"आता यानं माणसांचे फोटो काढू नकोस," तो म्हणाला. "सगळी लालभडक येतील."

"माणसं पुष्कळ झाली, काका," ताई म्हणाली.

मग गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, ताऱ्यांच्या चालीने फिरणाऱ्या तिपाईवर मी अकरा रात्री जागलो. दीडशे फोटो एकावर एक रचले, तेव्हा काळ्या आभाळातून एक लाल ढग वर आला. ताईचे डोळे भरून आले. मलाही धन्य वाटले.

चूक एकच झाली. फोटो रचायला घरचा संगणक पुरेना, म्हणून ते काम तिने जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओत केले. मालकाने तो फोटो मोठा छापून आकाशप्रेमी मंडळाच्या स्पर्धेत स्वतःच्या नावाने पाठवला आणि पहिला आला. ताईला हे वर्तमानपत्रातून कळले.

"मालक, तो फोटो माझा आहे," ती म्हणाली.

"संगणक माझा, कॅमेरा माझा. मग फोटो तुझा कसा?"

"कॅमेरा तुम्ही मला दिला होता."

"वापरायला दिला होता. समारंभात फोटोशेजारी ठेवायचाय. उद्या आणून दे."

दुसऱ्या दिवशी मला त्याच्या हाती देताना ती म्हणाली, "याच्यातली काच..." त्याने तिला वाक्य पुरे करू दिले नाही. कॅमेरे हाताळून माझे केस पिकलेत, मला शिकवू नकोस, म्हणाला. मी मनात म्हटले, पिकू देत, आता मी रंगवतो.

समारंभ भर दुपारी, खिडक्यांतून ऊन येणाऱ्या सभागृहात होता. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी सुचवले, की याच कॅमेऱ्याने पदाधिकाऱ्यांचा एक फोटो काढावा आणि मोठ्या पडद्यावर लगेच सगळ्यांना दाखवावा. मालकाने ऐटीत मला उचलले. मित्रांनो, त्या दिवशी मी आरसा एकदाही अडकू दिला नाही. पडद्यावर नऊ पदाधिकारी उमटले, चेहरे टोमॅटोसारखे आणि काळे कोट तांबडे. लोक हसले. मालकाने मला चापट मारून दुसरा फोटो काढला. तोही तसाच. मग तिसरा. त्याच्या तळहाताला सुटलेला घाम मला लागत होता, आणि खरे सांगतो, मला फार बरे वाटत होते.

अध्यक्षबाई मात्र हसत नव्हत्या.

"याची काच तुम्ही कुणाकडून काढून घेतलीत?" त्यांनी सहज विचारले.

"कसली काच?" मालक म्हणाला.

ती काच असताना तो ढग इतका लाल येत नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. शेवटच्या रांगेतून ताई उठली आणि तिने घड्याळजीचा पत्ता सांगितला. पुढे फार बोलावे लागले नाही. फोटोखालची मालकाच्या नावाची पट्टी अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे सोलून काढली आणि ताईचे नाव लिहिले.

मित्रांनो, वस्तू मायेने वापरा. आम्ही बोलत नाही, पण विसरतही नाही. आणि जो राबला, त्याचे श्रेय त्यालाच द्या. मालकाची मला दया येते का, असे विचाराल, तर नाही येत.

ताईचा फोटो त्या सभागृहाच्या भिंतीवर आजही आहे. त्याच्या शेजारी अध्यक्षबाईंनी लालभडक पदाधिकाऱ्यांचाही फोटो हौसेने लावून घेतला. मालकाला त्या भिंतीवर आपले नाव हवे होते. या दुसऱ्या फोटोखाली त्यांनी ते ठळक अक्षरांत लिहिले आहे.