एका माणसाची दोन मरणं

माझ्या निबंधांचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा प्रकाशकांनी एक संपादक नेमली. हुशार मुलगी, माझ्या नातीच्या वयाची. इतक्या वर्षांत मासिकांतून इकडेतिकडे छापलेलं सगळं तिने गोळा केलं आणि तीन ढीग केले: युद्ध, समाज आणि कादंबरी कशी लिहावी. मी म्हटलं, चला, माझ्यामागे कुणाला शोधाशोध करायला नको.

मी दाढ काढायला गेलो होतो, त्या दिवशी ती प्रुफं घेऊन घरी आली. घरी वहिनी होत्या. थोरला भाऊ युद्धात वारल्यापासून त्या आमच्याकडेच आहेत. पुढे माझी बायकोही गेली, आता आम्ही दोघंच. वहिनींना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्या मुलीने युद्धाच्या भागातला पहिला लेख त्यांना वाचून दाखवला. तोंडात कापसाचा बोळा धरून मी परतलो, तर वहिनी खुर्चीत ताठ बसलेल्या, डोळे लाल.

"एवढी वर्षं मला का नाही सांगितलंत, भावजी? ते ट्रकचं मला कधी पटलंच नव्हतं."

मी प्रुफं ओढून घेतली आणि दाढ विसरलो. तो लेख नव्हताच, माझी जुनी कथा होती. त्यातला शिपाई स्वतः जखमी असतो, बाटलीतलं उरलेलं पाणी शेजारी पडलेल्या शत्रूला पाजतो आणि मरतो. गोष्ट सांगणारा 'मी' म्हणून बोलतो, शिपायाला थोरला भाऊ म्हणतो, तेवढ्यावरून मुलीने ती निबंधांत घातली होती. आणि भावाच्या मरणावरचा खरा लेख काढून टाकला होता. भाऊ लढाईपासून लांब, छावणीच्या मागच्या उतारावर गेला. मिठाच्या पोत्यांनी भरलेला ट्रक उलटला, तो खाली सापडला. बरोबरच्या एकाने नंतर येऊन मला सांगितलं होतं, आणि मी वहिनींना.

फोनवर विचारलं, तर मुलगी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "सर, एका माणसाला दोन मरणं कशी ठेवणार? जे जास्त खरं वाटलं, ते ठेवलं."

वहिनींना मी परोपरीने सांगितलं की हे मनचं आहे, असं काही झालेलं नाही. त्या ऐकून घेत होत्या, लहान मुलाचं ऐकून घेतात तसं. मग म्हणाल्या, त्या शिपायाने बुटाची नाडी दातांनी ओढून गाठ मारली, तेही मनचं का? ती सवय भावाचीच. आता ह्यांना कसं सांगावं की त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या भागात मी लिहून ठेवलंय, रचलेल्या माणसाला खऱ्या माणसाची एखादी सवय द्यावी, म्हणजे तो उभा राहतो. राहिला होता उभा. घरात येऊन, माझ्या भावाच्या जागी.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांकडे गेलो. त्यांच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे खुर्च्यांवर आणि माणसं उभी असतात. ते म्हणाले, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं तुमच्या युद्धाच्या भागात तेवढंच आहे, मागच्या कव्हरवरही तोच उतारा घेतलाय. मी म्हटलं, मी स्वतः त्या युद्धात दुसऱ्या आघाडीवर भटारखान्यात होतो, वाचायला शिकलो तेच मुळी पोत्यांवरची अक्षरं लावून. त्यावर सबंध लेख आहे, त्याला कुणी रडू नये? ते हसले. म्हणाले, मिठाखाली मेलेला शिपाई लोकांना नको असतो हो. मी म्हटलं, हेच तर मी समाजाच्या भागात लिहिलंय, तुम्ही वाचलंय का? त्यांनी चहा मागवला.

शेवटी कबूल झाले, तर नवी अडचण. पुढच्या पानांचे फर्मे छापून झाले होते, पानांचे आकडे पक्के. कथा काढून तिथे लेख बसवायचा, तर लेख चार पानं कमी पडत होता.

"वाढवा की थोडं," प्रकाशक म्हणाले.

"काय वाढवू? ट्रक उलटला. एवढंच झालं."

मग त्यांनी टाइप वाढवला. सबंध पुस्तकात तेवढा एक लेख ठसठशीत अक्षरांत, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी छापल्यासारखा. माझ्या नशिबी खरं बोलणं आलं तेही असं, बहिऱ्याशी बोलावं तसं.

घरी येऊन वहिनींना सांगितलं. त्या पालक निवडत होत्या. हात थांबला नाही.

"पुस्तक तुमचं आहे, भावजी. नवरा माझा होता."

त्यानंतर पुस्तक येईपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. जेवायला या, गॅस आलाय, औषध घेतलं का. पुस्तक आलं. मी त्यांच्यासमोर तेच पान उघडून ठेवलं, म्हटलं, चष्म्याशिवायही दिसेल. त्यांनी पान मिटलं आणि पुस्तक कपाटात नेऊन ठेवलं, तेही नीट पुसून.

चार दिवसांनी शेजारच्या मास्तरीणबाई अभिनंदनाला आल्या. माझ्या पुस्तकाचं बोलणं कधी वहिनींच्या नवऱ्यावर गेलं, मला कळलंही नाही. वहिनी सांगू लागल्या: गोळी कुठे लागली होती, ऊन कसं होतं, बाटलीत किती पाणी होतं. माझ्या कथेत ऊन नव्हतं. बाटली भरलेली होती की अर्धी, हेही मी लिहिलं नव्हतं. माझ्यापेक्षा त्या चांगलं सांगत होत्या. तरुणपणापासून आत कोंडलेला त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

मास्तरीणबाई डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "खरंच हो? पाणी शत्रूला दिलं त्यांनी?"

मी तोंड उघडलं. सगळं पुस्तक त्यासाठीच बदलून घेतलं होतं मी.

"त्यांना काय विचारता," वहिनी म्हणाल्या, "ते कुठे होते तिथे?"

ट्रक उलटला तेव्हाही मी तिथे नव्हतो. मी तोंड मिटलं, आणि बाईंना बसायला नीट जागा व्हावी म्हणून खुर्ची जरा मागे घेतली.