जानरावांच्या वाट्याचं औषध

निवृत्तीच्या साली गुलाबी अळीनं कपाशीची वाट लावली, तेव्हा कृषी खात्यातले जानराव अख्ख्या तेल्हारा तालुक्याला बजावत फिरले होते, "वरून हिरवं दिसते म्हून भुलू नका, बोंड फोडून पाहा." पुढं थोरला भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेला. त्रास नसला तरी पाठच्या भावानंही दुर्बिणीनं आतडं तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यावर जानराव म्हणाले, "मले काय धाड भरली?"

पण लेक रश्मी बापाच्या वरताण हट्टी. तिनं अमरावतीत तारीख घेतली आणि आईबाबांना अकोल्याहून स्वतःच्या घरी आणलं. आदल्या दिवशी जेवण बंद होतं. पोट साफ करायचं औषध एक मोठा जग भरून पाण्यात कालवून ती शाळेत शिकवायला गेली.

एका घोटातच जानरावांचं तोंड वाकडं झालं. "हे मले जमून नाही राहिलं."

"द्या इकडे," दुर्गाबाई म्हणाल्या.

यात त्यांना वावगं काहीच वाटलं नाही. साडेसातीत जोतिष्यानं जानरावांना शनिवार धरायला सांगितले, ते दुर्गाबाईंनीच धरले होते. त्यांच्या एकादश्याही याच करत. जेवायचं नवऱ्यानं, उपाशी राहायचं बायकोनं आणि पुण्य नवऱ्याला, अशी त्या घरची रीतच होती. त्या औषधाचा अख्खा जग प्यायल्या, दिवसभर संडासाच्या वाऱ्या केल्या आणि अन्नाला शिवल्या नाहीत. जानराव तेवढ्यात कोपऱ्यावर जाऊन गिला वडा खाऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण जराशी आत जाताच डॉक्टरांनी बाहेर काढली. "काका, औषध घेतलं होतं ना?"

"संपलं न सारं," जानराव म्हणाले. खोटं ते बोलले नव्हते.

"त्यायच्या वाट्याचं मी घेतलं," दुर्गाबाईंनी सरळ सांगितलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग दुर्गाबाईंचं वय विचारलं. पंचावन्नच्या पुढं. "काकू, या वयात ही तपासणी कुणीही करावी. तुमचं पोट साफ आहेच, तुम्हीच करून घेता का?" केलेली तयारी वाया जाऊ नये म्हणून त्या हो म्हणाल्या.

त्यांच्या आतड्यात एक गाठ निघाली. काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. डॉक्टरांनी ती तिथल्या तिथं काढली. आणखी काही वर्षं राहिली असती तर तिचा कॅन्सर झाला असता, असं अहवाल आल्यावर ते म्हणाले. रश्मी रडली.

जानराव मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, "मी औषध घेतलं असतं तं हिचं समजलंच नसतं." आणि स्वतःची नवी तारीख त्यांनी टाळली. "घरातल्या एकाचं झालं न आता."

तेव्हा दुर्गाबाई जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर चिडल्या. "भासऱ्यायचं, तुमच्या भावाचं, पाह्यलं मी. तुमचं तसं झालं तं मले नाही सोसवणार."

नव्या तारखेच्या आदल्या दिवशी दुर्गाबाई औषधाचा जग घेऊन समोर ठाण मांडून बसल्या. दोन ग्लास कसेबसे संपल्यावर जानरावांनी घाम पुसला. बायकोला असं काही विचारायची त्यांना सवय नव्हती.

"तुनं हे सारं कसं घेतलं वं?"

"तुमच्यासाठी हाय म्हून घेतलं," दुर्गाबाई म्हणाल्या. "माह्यासाठी असतं तं घेतलंच नसतं."

जानरावांनी तिसरा ग्लास उचलला.