पुठ्ठ्याच्या भोकांतून

अंगभर भोकं असूनही घरात मान मिळालेला मी एक पुठ्ठा. मूळचं बुटांच्या खोक्याचं झाकण. दुसरीच्या बाईंनी मला कापलं, मोजूनमापून भोकं पाडली आणि मी पेपर तपासू लागलो. मुलांच्या पेपरवर मला ठेवायचं. भोकात खूण दिसली तर मार्क, नाही तर भोपळा.

पेपर इंग्रजी व्याकरणाचा. खाली रेघ मारलेला शब्द नाउन, व्हर्ब की प्रिपोझिशन, त्या चौकटीत खूण करायची. पुढचे दात पडलेली ती मुलं. प्रिपोझिशन म्हणता म्हणताच त्यांच्या तोंडाला फेस यायचा.

बाईंचं लग्न नुकतंच झालेलं. जेवणाचं टेबल पुसून त्या तपासायला बसल्या. सूनबाईंचा झपाटा बघून सासूबाई थक्क झाल्या. बाई खूश, मीही खूश.

मग चिमणीचा पेपर आला. वर्गात अखंड चिवचिव, म्हणून ती चिमणी. माझी सगळी भोकं कोरी. बाईंनी शून्य टाकून पुढचा पेपर ओढला. नवऱ्याने चिमणीचा पेपर सहज उचलला आणि हसायला लागला.

“अगं, हे वाचलंस का?”

“ते भोकात येत नाही.”

तरी बाईंनी वाचलं. मांजर टेबलाखाली बसलं, असं वाक्य होतं. ‘खाली’ची जात सांगायची सोडून चिमणीने कडेच्या समासात वाकड्यातिकड्या इंग्रजीत लिहिलं होतं, की वर बसलं की सगळे त्याला हाकलतात.

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. शून्य मात्र खोडलं नाही. शाळेच्या मोठ्या बाईंना काय सांगणार, हा प्रश्न होताच. नापास मुलांना इंग्रजीच्या तासाला पहिलीत बसवत. चिमणी दप्तर घेऊन तिकडे जायची, इवल्याशा बाकात गुडघे मुडपून बसायची. जिन्यात बाई दिसल्या की भिंतीकडे बघायची.

पुढच्या परीक्षेत तिची खूण माझ्या प्रत्येक भोकात नेमकी उतरली. बाईंनी मला बाजूला सारलं. पेपर उलटा केला, पालथा केला, दिव्यासमोर धरला. समासात एक अक्षर नव्हतं.

“शिकली की पोरगी,” नवरा म्हणाला.

“हो. मीच शिकवलं,” बाई म्हणाल्या आणि कितीतरी वेळ पेन उचललंच नाही.

मला फेकून द्यायचा धीर त्यांना अजून होत नाही. मी त्यांच्या पिशवीत आहे, कडा झिजल्यात, पण भोकं शाबूत आहेत. उद्या पुन्हा पेपर आहेत. कुणी बाईंना एवढं सांगा, मला वर ठेवण्याआधी तो कागद एकदा नुसता वाचा.