एकसारख्या चकत्या

“निवड चाचणीत सर्व खेळाडूंना एकाच बनावटीच्या, एकाच वजनाच्या व एकाच रंगाच्या चकत्या देण्यात आल्या. सबब कोणावरही अन्याय झालेला नाही.”

डिस्क गोल्फ संघटनेचे सचिव आणि प्रशिक्षक दयानंदराव यांच्या लेखी खुलाशातली ही दोन वाक्ये. लातूरबाहेरच्या मैदानालगत एक पत्र्याची खोली आहे. तिथे मी ती सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली आणि कागद खाली ठेवला. पहिल्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. नांदेडला आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवल्यामुळे अशा वाक्यांविषयी मला विशेष आदर आहे. उघड खोटे कोणीही बोलू शकतो. निव्वळ खरे शब्द वापरून फसवायला मेहनत पडते. दुसरे वाक्य ‘सबब’ या शब्दाने सुरू होत होते, आणि त्या सगळ्या मेहनतीचा मोबदला या एका शब्दात वसूल केलेला होता.

तक्रार पंचशीलाची होती. किनवटच्या वसतिगृहात राहणारी ही मुलगी सागाच्या झाडांमधून चकत्या फेकत हा खेळ शिकली. राज्य संघातली अखेरची जागा तिला मिळाली नाही, दामिनीला मिळाली. दामिनी ही सचिवांची सख्खी भाची. हा तपशील खुलाशात द्यायचा राहून गेला होता. स्पर्धेला निघालेली संघाची गाडी फाटकाशी उभी होती, दामिनीची बॅग टपावर चढली होती, आणि गाडी सुटण्यापूर्वी मला निर्णय द्यायचा होता. गाडी गेली असती, तर पंचशीलाच्या तक्रारीला केवळ वाङ्मयीन मूल्य उरले असते.

अपील ऐकण्यासाठी माझी नेमणूक खुद्द सचिवांनी केली होती. वयस्कर, पुस्तकांत बुडालेला, जन्मात चकती न फेकलेला गृहस्थ म्हणून माझी पात्रता त्यांना निर्विवाद वाटली असावी. पुस्तकांत बुडालेला माणूस या खेळाचीही पुस्तके वाचील, ही शंका मात्र त्यांना शिवली नव्हती.

“‘एकाच बनावटीच्या’ इथून सुरुवात करू,” मी म्हणालो. “कमीत कमी फेकींत चकती साखळ्यांच्या टोपलीत पोचवायची, असा हा खेळ. लांबच्या फेकीला पातळ काठाचा ड्रायव्हर, मधल्या अंतराला मिडरेंज, टोपलीजवळ बोथट काठाचा पटर. नवख्याच्या हाती हलकी आणि संथ चकती द्यावी. वेगवान ड्रायव्हर त्याला पेलत नाही, डावीकडे वळून लवकर जमिनीवर येतो. बरोबर?”

“हाव सर, लई अभ्यास केलात,” दयानंदराव उदारपणे हसले.

“चाचणीला आपण सर्वांना काय दिलेत?”

“ड्रायव्हर. सगळ्यात वेगवान, सगळ्यात जड. राज्याचा संघ हाय सर, अंगणवाडी न्हाई. सगळ्यांना सारखंच. ह्याला समान संधी म्हणतेत.”

पहिलीतल्या मुलापुढे आणि पदवीधरापुढे एकच प्रश्नपत्रिका ठेवणे हीसुद्धा समान संधीच आहे; तिच्याविषयी कुरकुर करण्याचा उद्धटपणा फक्त पहिलीतला मुलगा करील. पण मी हे बोलून दाखवण्यापूर्वीच पंचशीला पुढे आली.

“सर, ड्रायव्हर दिला त्याचं मला काही न्हाई. मी तोच फेकून राहिले वर्षभर. पण मला पेटी फोडून कोरी चकती दिली. दामिनीला पेटीतली दिलीच न्हाई. सचिव सरांनी स्वतःच्या पिशवीतून काढून दिली. जुनी.”

“जुनी म्हणजे उलट वाईटच की!” दारातून दामिनी ताडकन म्हणाली. “पार खरचटलेली हाय ती. मामा म्हणले, ही फेकून फेकून वळणावर आलीय, तू हीच घे. तरीबी मी जिंकले.”

“दामे, तू गाडीत जाऊन बस,” मामा म्हणाले. दामिनी जागची हलली नाही.

आता मुद्दा नेमका झाला होता. ड्रायव्हर कोरा असतो तेव्हा फेकीच्या अखेरीस तो डावीकडे ओढतो, आणि बेताच्या ताकदीच्या हातून तर फारच लवकर. तोच ड्रायव्हर दगडांवर, बाभळींवर वर्षानुवर्षे आपटला की त्याचा काठ झिजतो, डावीकडची ओढ मरते आणि साधारण हातातूनही तो सरळ, दूरवर जातो. मुरलेली चकती खेळाडू जिवापाड जपतात. बनावट, वजन, रंग यांत कोठेही फरक नाही. फरक आहे तो खुलाशाने ज्याचा उच्चार टाळला त्या चौथ्या गोष्टीत.

मी तसे म्हणताच दयानंदरावांनी टेबलावर हात आपटला. त्याच टेबलावर पुराव्यादाखल दोन्ही तांबड्या चकत्या शेजारीशेजारी ठेवलेल्या होत्या, पंचशीलाची कोरी आणि दामिनीची जुनी.

“हे सगळं पुस्तकातलं हाय सर. चकती म्हणजे चकती. फेकणाराच्या मनगटात दम लागतो. पोरीच्या हातात न्हाई, म्हणून चकतीला नावं ठेवायली. कुणाच्याबी डोळ्यावर पट्टी बांधा, दोन्हींतला फरक कुणी सांगून दाखवला तर दामिनीला उतरवून ह्या पोरीला मी स्वतः गाडीत बसवतो. सगळ्यांसमोर सांगायलो!”

खोलीबाहेर संघाच्या मुली गोळा झाल्या होत्या. त्यांतल्या एकीने हळूच टाळी वाजवली. टाळी सचिवांना सुखावून गेली. ती कोणासाठी होती, हे त्यांनी तपासले नाही.

“मान्य,” मी म्हणालो. “सगळ्यांनी बाहेर थांबा. चकत्या मी माझ्या पिशवीत घालून आणतो. डोळ्यांवर पट्टी नको. आपण टोपलीकडे तोंड करून, पिशवीत न पाहता, हाताला येईल ती चकती काढा आणि चाचणीच्याच जागेवरून फेका. ती समोरच्या लिंबापर्यंत सरळ गेली, तर अपील फेटाळले असे समजा.”

“आन् न्हाई गेली तर?”

“एकसारख्याच आहेत ना? मग प्रश्न मनगटाचा उरला. आपण तर प्रशिक्षक.”

मुली हसल्या. भाचीही हसली. दयानंदरावांनी मान डोलावली. ते इतक्या सहज का कबूल झाले, हे मला ठाऊक होते. झिजलेल्या काठाला बोटांनी ओळखता येतील अशा खाचा पडलेल्या असतात. पिशवीत पाहण्याची त्यांना गरजच नव्हती.

खोलीत एकटा उरल्यावर मी दामिनीची जुनी चकती टेबलाच्या खणात ठेवली. कोपऱ्यातल्या पेटीतून आणखी एक कोरी चकती काढली आणि पंचशीलाच्या कोऱ्या चकतीसोबत ती पिशवीत सरकवली. मग बाहेर येऊन, कोणाचाही गैरसमज होऊ नये म्हणून, संघटनेच्याच भाषेत जाहीर केले, “या पिशवीत एकाच बनावटीच्या, एकाच वजनाच्या व एकाच रंगाच्या दोन चकत्या आहेत.”

एकही शब्द खोटा नव्हता.

वारा करडईच्या रानावरून येत होता. दूरवर टोपलीच्या साखळ्या वाजत होत्या. दयानंदरावांनी बाही वर केली, टोपलीकडे तोंड केले आणि पिशवीत हात घातला.

हात आत गेला आणि आतच राहिला.

पातळ कापडातून त्यांचा अंगठा दिसत होता. तो पहिल्या चकतीच्या काठावरून पूर्ण फिरला आणि थांबला. दुसऱ्या चकतीवर गेला, तिच्या काठावरून फिरला, पुन्हा थांबला. मग परत पहिलीवर आला. चेहऱ्यावरचे हसू त्यांनी अजून सोडले नव्हते, पण आता ते कोणाच्या कामाचे नव्हते.

फाटकावरून गाडीचा हॉर्न वाजला. “सर, निघायचं का न्हाई?” गाडी चालवणाऱ्या भुजंगने खिडकीतून हाक मारली. “का इथंच मुक्काम?”

“काढा की मामा,” दामिनी म्हणाली. तिच्या आवाजातला ताठा कमी झाला होता.

अंगठा पुन्हा फिरू लागला. दोन वस्तूंत काही फरक नाही असे म्हणणारा माणूस त्या दोहोंत इतका वेळ काय शोधतो, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला नाही. तो समोरच्या प्रत्येक मुलीच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत होता. टाळी वाजवणारी मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. दामिनी आधी मामाच्या कोपराकडे पाहत होती. मग तिने पिशवीकडे पाहिले, मग पंचशीलाकडे, आणि मान खाली घातली.

पंचशीला माझ्या शेजारीच होती. आत काय आहे हे तिलाही माहीत नव्हते. सचिवांच्या हाती जुनी चकती आली की आपले सारे संपले, एवढेच तिला माहीत होते. तरी ती बोलली.

“सर, एकसारख्याच हायेत की. कोणतीबी काढा.”

दयानंदराव गर्रकन वळले. दोन्ही चकत्या त्यांनी एकदमच बाहेर ओढल्या, उन्हात उलटसुलट केल्या, आणि तिच्यावर न ओरडता, फसवले गेलेल्या माणसाच्या प्रामाणिक संतापाने माझ्यावर ओरडले. त्यांचे शब्द मी निकालपत्रात, फरक ओळखण्याच्या त्यांच्याच पैजेखाली, जसेच्या तसे उतरवले आहेत:

“दोन्ही कोऱ्याच घातल्यात की सर, माझी झिजलेली ह्यात न्हाईच!”