रिकामे पाय

उत्कर्षाने डावा पाय मोरीच्या कठड्यावर ठेवला आणि अंगठ्याशेजारच्या बोटाला साबण चोळला. जोडवं जागचं हललं नाही. मोहितने ते चिमटीत धरून फिरवलं, ओढलं, पुन्हा फिरवलं. तिचं बोट लाल झालं आणि त्याचं तोंडही.

"दुखते का?"

"दुखू द्या. ओढा."

लग्नात घातलेली जोडवी तेव्हापासून तिच्या पायातच होती. राज्याच्या स्पर्धेत तिने त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेली होती. आता मात्र भारताच्या बीच सॉकर संघात निवड झाली होती, सामने थायलंडला होते, आणि प्रशिक्षकांनी फोनवर बजावलं होतं, की वाळूवर अनवाणी खेळायचं, अंगावर दागिना नको, चिकटपट्टीही चालणार नाही. पंच सरळ बाहेर बसवतात. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली ही मुलगी दुर्गजवळ शिवनाथ नदीच्या वाळूत पोरांशी धक्काबुक्की करत खेळ शिकली होती. समुद्र तिने एकदाच पाहिला होता, तोही सामन्याच्या गडबडीत, ओझरता.

"मोरीत काय चाललं?" पुढच्या खोलीतून ठकूबाईंचा आवाज आला.

ठकूबाई म्हणजे मोहितच्या वडिलांची, कैलासवासी दौलतरावांची थोरली बहीण. मोतीबिंदू काढायला तुमसरहून आल्या होत्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, कानांवर मात्र काही नव्हतं. भिंतीला हात लावत त्या मोरीपर्यंत आल्या आणि उरलेल्या डोळ्याने त्यांनी सगळं पाहून घेतलं.

"जोडवी काढून राहिली? नवरा जिता असताना?"

"खेळाचा नियम हाय, आत्याबाई," मोहित म्हणाला.

"आमचाबी नियम हाय. एक जोडवं काढलं तर दुसरं घालूनच मंग पाय खाली टेकवा लागते. सवाष्णीचं जोडवं डब्यात नाई रायत, पायात रायते. माह्या भावाच्या घरातून ही रिकामे पाय घेऊन निघाली, तर वापस आल्यावर घरात घेऊ नका. घेसान तर मी तुमच्या उंबऱ्यात येनार नाई. अन आपल्या लोकाईलेबी सांगीन."

ही नुसती धमकी नव्हती. त्यांच्या एका शब्दावर नात्यातल्या एका घरी कोणी वर्षभर पाणी प्यायलं नव्हतं. सेक्टर दोनमधलं हे क्वार्टर मोहितच्या नावावर होतं, पण ठकूबाईंच्या लेखी ते अजून भावाचंच होतं आणि मोहितची आई सिंधुताई ही तिथे राहणारी भावजय.

सिंधुताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. भीती त्यांनाही वाटत होती. मोहित पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीवर, कामाला होता. दर पाळीला त्याच्या मोटरसायकलचा आवाज फाटकाशी येईपर्यंत त्यांच्या जिवाला थारा नसे. दौलतराव काविळीने गेले तेव्हा दहाव्याला सिंधुताईंच्या पायातली जोडवी ठकूबाईंनीच काढली होती. त्यानंतर किती तरी दिवस चालताना आपला तोल जातोय, असं त्यांना वाटत राहिलं होतं.

त्या आत गेल्या आणि खोबरेल तेलाची बाटली आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आल्या. मोहितला बाजूला सारून त्या खाली बसल्या. दोऱ्याचं टोक त्यांनी जोडव्याखालून घातलं आणि उरलेला दोरा बोटाभोवती घट्ट गुंडाळायला सुरुवात केली.

"आई," उत्कर्षा हळू आवाजात म्हणाली, "तुमाले पटत नसन तर सांगा. मी जात नाई असं म्हननार नाई, पन सांगा."

सिंधुताईंनी तेल सोडलं आणि दोऱ्याचं टोक उलट फिरवत ओढलं. जोडवं वळसे घेत वर आलं आणि त्यांच्या तळहातावर पडलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हनुवटी वर होती.

"दुसरा पाय दे," सिंधुताई म्हणाल्या.

थायलंडच्या सामन्यापर्यंत ठकूबाईंची पट्टी निघाली, काळा चष्मा आला, पण त्या तुमसरला परतल्या नाहीत. सून येईल तेव्हा दारात हजर राहायचं, असा त्यांचा बेत होता आणि तो त्यांनी कोणापासून लपवलाही नव्हता.

सामना दुपारचा होता. मोहितने ड्यूटी बदलून घेतली होती आणि मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता. शेजारची रीना सर्वांसाठी चहा घेऊन आली. ठकूबाई टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसल्या. जे बघायचं नव्हतं ते त्यांना नीट बघायचं होतं. सिंधुताई दिवाणावर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या पायांत मोहितचे प्लांटमध्ये घालायचे जाड करडे मोजे होते. उत्कर्षा गेल्यापासून ते मोजे दिवसभर त्यांच्या पायात असत.

"चाची, इतक्या गरमीत मोजे?" रीना हसली.

"भेगा पडल्या बाई टाचाले."

टीव्हीवर पांढऱ्या वाळूत निळ्या कपड्यांतल्या मुली धावत होत्या, पडत होत्या, उठत होत्या. वाळूत चेंडू सरळ जात नाही, म्हणून तो पायाने उचलून हवेतच खेळवायचा. थायलंडच्या मुली हे मजेत करत होत्या, आपल्या मुली घाम गाळून. शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा भारत तीन गोलांनी मागे होता. उत्कर्षा मात्र अंगावर येणाऱ्या प्रत्येकीला भिडत होती. एकदा पडली, तोंडातली वाळू थुंकली आणि पुन्हा जाऊन त्याच मुलीसमोर उभी राहिली.

"पोरीची जात," ठकूबाई म्हणाल्या, "अन कशी धडका देऊन राहिली."

तेवढ्यात तिला कोणीतरी मागून पाडलं. शिट्टी वाजली. उत्कर्षा पोटरी धरून बसली होती. संघातली एक उंच मुलगी येऊन चेंडूकडे हात करत काहीतरी विचारू लागली, पण उत्कर्षाने मान हलवली.

"ती उंच पोरगी काहाले नाई मारत?" सिंधुताईंनी विचारलं. "हिचा तं पाय दुखून राहिला."

"नाई मारता येत, आई. या खेळात ज्याले पाडलं त्यानंच मारा लागते. अन समोर भिंत करून कोनी उभंबी राहू शकत नाई. फक्त ती अन गोलकीपर."

"ज्याले पाडलं त्यानंच?"

"हो."

सिंधुताई टीव्हीकडे बघत पुढे सरकल्या. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

उत्कर्षा लंगडत चेंडूपाशी आली आणि पायाने वाळू सारून लहानसा ढीग करू लागली, चेंडू उंचावर ठेवायला. कॅमेरा तिच्या पावलांवर आला. टीव्हीभर ती दोन पावलं दिसत होती, उन्हाने रापलेली, आणि अंगठ्याशेजारच्या बोटांवर जोडव्यांच्या जागी गोऱ्या कड्या उमटलेल्या.

"पाहा," ठकूबाई म्हणाल्या. "साऱ्या दुनियेले दाखवले रिकामे पाय."

उत्कर्षा मागे सरली, धावत आली आणि तिने चेंडू मारला. गोलकीपर झेपावली तेव्हा चेंडू जाळ्यात जाऊन आदळला होता. रीना ओरडली, मोहित उभा राहिला. टीव्हीवर उत्कर्षा हात वर न करता नुसती चेंडू आणायला धावली. वेळ थोडा होता, तिला अजून गोल हवे होते.

ते झाले नाहीत. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा भारत दोन गोलांनी हरला होता. ठकूबाईंनी खुर्ची वळवली.

"हरली. मी सांगतलं होतं. रिकामे पाय घेऊन गेली, मंग काय होईन? आता येऊ दे तिले दारात."

मोहित काही बोलणार होता. सिंधुताईंनी हाताने त्याला थांबवलं. त्यांना राग आला होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो लपवावासा वाटत नव्हता. त्यांनी मांडी मोडली, पाय खाली सोडले आणि वाकून आधी एक मोजा काढला, मग दुसरा.

त्यांच्या पायांच्या बोटांत चांदीची जोडवी होती. मापाने लहान असल्यामुळे भोवतीची कातडी सुजून वर आली होती.

रीनाचा हात कपावरच राहिला. ठकूबाईंनी काळा चष्मा काढला.

"सिंधू. हे काय?"

"तिची हायेत. सवाष्णीचं जोडवं डब्यात रायत नाई, पायात रायते, तुमीच म्हनलं होतं ना, बाई. ती गेली त्याच दिवशी घातली."

"अवं, पन तू..." ठकूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. "दौलत गेला तवा मीनं माह्या हातानं काढली होती तुही."

"हो. तवा मी काई बोलली नाई."

मोहित आईच्या पायांकडे बघत होता. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"लोकाईले सांगाचं असन तर हेबी सांगा," सिंधुताई म्हणाल्या. "ती येईन तवा दारात मीच उभी राहीन. माह्या पायातली काढीन अन तिच्या पायात घालीन. पुढच्या मॅचले गेली का पुन्हा माह्या पायात. ह्या घरात रिकामे पाय कोनाचेच नाईत."

बाहेर फाटकाशी गलका झाला. आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या. "अरे चाची, बहू ने गोल मारा ना? बाहर तो आओ," असं कोणीतरी हाक मारून म्हणत होतं.

दाराशी त्यांच्या चपला होत्या. सिंधुताईंनी त्या घातल्या नाहीत. त्यांनी साडीच्या निऱ्या दोन बोटं वर धरल्या आणि फरशीवर टिकटिक करत त्या फाटकाकडे निघाल्या.