सावडीला गेलेला सोऱ्या

मी सोऱ्या आहे, पितळेचा. माझा आवाज घोगरा झालाय आणि मधेच अडकतो, तेव्हा जरा जवळ बसून ऐका. घाई असेल तर राहू द्या. मला घाईत काही जमत नाही. सगळं आयुष्य हळूहळू फिरण्यात आणि हळूहळू दाबण्यात गेलं.

मुकुंदवाडीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या फळीवर मी राहतो. घर साहेबराव आणि कडूबाईंचं. साहेबराव चितेगावच्या एका कारखान्यात होते, आता घरीच असतात. मुलगा आकाश पुण्याला, मुलगी करुणा सासरी.

मला कुणी ओतलं ते आठवत नाही, भट्टीची धग तेवढी आठवते. मग कानशीनं घासलं, आटे पाडले, आत दट्ट्या आणि वर दांडा बसवला, आणि कासारी बाजारातल्या एका दुकानात दोरीला टांगून ठेवलं. तिथं साहेबरावांनी मला पाहिलं. तेव्हा ते तरुण होते, नुकतंच लग्न झालेलं. लोक भांडं बोटानं वाजवून बघतात. यांनी मला कानाशी धरलं, दांडा एकदा सुलटा फिरवला, एकदा उलटा, आणि आपल्याशीच हसले. मला वाटलं, बरं घर मिळालं.

या माणसाला स्वयंपाकघरातल्या यंत्रांचं वेड. पाचोडच्या बाजाराला गेले की सोबतचे शेळ्यांचे दात बघत, हे किसण्यांची भोकं बघत. कन्नडहून येताना एकदा लोखंडी खलबत्ता मांडीवर घेऊन एसटीत बसले होते, जसं काही लेकीला माहेरी आणतायत. मग पुरणयंत्र आलं, शेंगदाण्याचं कूट करायचं यंत्र आलं, लिंबू पिळायचा चिमटा आला, दोरी ओढली की कांदा बारीक होतो तो डबा आला. नवी वस्तू आली की ते स्वतः धुणार, उन्हात वाळवणार, आणि पहिला कांदा स्वतः चिरून बघणार. जुन्या बनियनच्या फडक्यानं आम्हाला पुसायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. माझ्या आट्यांना शेंगदाण्याचं तेल लावताना ते बारीक शीळ घालायचे.

कडूबाई शेजारणींना सांगायच्या, बाकीच्यांचे नवरे पत्ते खेळतात, माझा नवरा किसण्या खेळतो. पण त्यांनाही त्याचं कौतुक होतं. रागावलेल्या बाईचं बोलणं निराळं असतं, ते मी पुढं ऐकलं.

माझं खरं काम उन्हाळ्यातलं. कुरडया. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्याचा चीक काढायचा, आणि पहाटे तो मोठ्या पातेल्यात मीठ घालून शिजवायचा. शिजला की गरम असतानाच माझ्या पोटात भरायचा आणि गच्चीवर पसरलेल्या लुगड्यावर गोल गोल पाडायचा. थंड झाला तर दाबत नाही. एका घरानं हे होत नाही, म्हणून गल्लीत सावड असते. आज सगळ्याजणी माझ्या गच्चीवर, उद्या तुझ्या. जिच्याकडं बाया येऊन गेल्या, तिनं त्यांच्याकडं जायचंच. त्यात सुटका नाही आणि ती कुणाला नकोही असते. सुना-जावयांच्या, पाण्याच्या, दुखण्याखुपण्याच्या सगळ्या गोष्टी त्या लुगड्याच्या कडेला बसून होतात. कडूबाईंचा हात गोल पाडण्यात सगळ्यांत चांगला. त्या जिथं जात, तिथं मला सोबत नेत.

मग त्यांच्या बोटांचे सांधे सुजले. आधी सकाळी दुखायचे, नंतर दिवसभर. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं, कारण त्यांची पकड माझ्या अंगावर होती. एका उन्हाळ्यात शेजारच्या सारजाबाईंच्या गच्चीवर मी त्यांच्या हातून निसटलो. गरम चीक लुगड्यावर सांडला. सारजाबाई म्हणाल्या, तू बस, आम्ही करतो. कडूबाई बसल्या, पण दुसऱ्या दिवशी सावडीला गेल्या नाहीत. हात देता येत नसेल तर कुणाचा हात घ्यायचा कसा, असं त्यांच्या मनात असावं.

साहेबरावांना हे बघवेना. त्यांनी आकाशला सांगून विजेवर भरणारं एक पांढरं यंत्र मागवलं. कळ दाबली की कुरडई पडते. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. ते आपलं काम नीट करतं, आणि या वयात हेवा करायला अंगात जोर लागतो.

वाईट निराळंच झालं. सारजाबाई दारात आल्या आणि यंदा तुमच्याकडं कधी यायचं म्हणून विचारू लागल्या. साहेबराव मोठ्या आनंदानं म्हणाले, "यंदा तुम्हाला तरास नाय. मशीन आणलीय. आता हिला कुणाच्या दारात जायची गरज नाय, आन् कुणी आमच्याकडं यायची बी नाय."

त्यांना वाटलं, बायकोच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. कडूबाई आत गहू धूत होत्या. त्यांचे हात पाण्यात थांबले. मी फळीवरून बघत होतो.

त्या वर्षी कुरडया साहेबरावांनी एकट्यानं केल्या. उन्हं चढायच्या आत काम संपलं. कुरडया एकसारख्या झाल्या होत्या. शेजारच्या गच्चीवर बाया हसत होत्या, आणि कडूबाई आमच्या कठड्याला टेकून, पाठ तिकडं करून उभ्या होत्या.

पुढं तर असं झालं की त्या गप्प दिसल्या की साहेबराव एक वस्तू आणायचे. कणीक मळायचं यंत्र आलं, पोळी दाबायचं आलं, लसूण सोलायचं आलं. एकेक यंत्र आलं आणि कडूबाईंचं एकेक काम गेलं. त्या प्रत्येक वेळी "चांगलंय" म्हणत. साहेबराव ते ऐकून खूश होत. फळीवर मला मागं सरकवत सरकवत पार भिंतीला लावलं गेलं. तिथं कोळ्यानं माझ्या तोंडाशी जाळं केलं. मी त्याला काही म्हणालो नाही.

या वैशाखात एका दुपारी साहेबरावांनी प्रेमानं विचारलं, अजून काय आणू. कडूबाई निवडत असलेली मेथी तशीच ठेवून म्हणाल्या, "माझ्या जागी बसणारं एक आणा. मंग मी मोकळी."

साहेबराव हसले, त्यांना ती थट्टा वाटली.

"बाया काय नुसत्या कुरडया कराया येत व्हत्या का? तुम्ही दार लावून घेतलं. मला इचारलं व्हतं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या. साहेबराव बराच वेळ फळीसमोर उभे राहिले. एरवी असे उभे राहिले की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असायचं.

संध्याकाळी ते पांढरं यंत्र पिशवीत घालून सारजाबाईंकडं गेले. परत आले ते पिशवी तशीच घेऊन. काय झालं ते त्यांनी कडूबाईंना सांगितलं तेव्हा मला कळलं. ते म्हणाले होते, आमच्या घरची सावड म्हणून हे वापरा. सारजाबाई म्हणाल्या, "भाऊजी, मशीनची सावड फेडायची कशी? तिच्या घरी आम्ही काय काम कराया जावं? माणूस पाठवा." हिचे हात चालत नाहीत, असं यांनी सांगितलं. तर त्या म्हणाल्या, "तुमचे हायेत की."

मग त्यांनी मला काढलं. कोळ्याचं जाळं पुसलं, चिंचेनं घासलं, आट्यांना तेल लावलं. या वेळी शीळ घातली नाही. दांडा फिरवताना त्यांना खरखर लागली असणार. माझे आटे झिजलेत. त्यांनी आणखी थोडं तेल सोडलं.

सकाळी सारजाबाईंच्या गच्चीवर बायांच्या घोळक्यात हा एकटा पुरुष मांडी घालून बसला. मागं कडूबाई, जरा अंग चोरून. पारूबाई म्हणून एक फटकळ म्हातारी आहे. ती म्हणाली, "भाऊजी, पदर घ्या डोक्यावर, ऊन लागंल." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबरावांनी खरंच खांद्यावरचा रुमाल डोक्यावर घेतला.

त्यांनी पाडलेली पहिली कुरडई बघून सारजाबाई म्हणाल्या, ही कुरडई नव्हं, उंदराचं घरटं हाय. दुसरी त्याहून वाईट पडली. तिसरीला कडूबाईंना राहवेना. त्या पुढं सरकल्या, फडक्याची घडी केली आणि दोन्ही तळवे माझ्या पोटाभोवती ठेवले. बोटं आवळायची गरज नव्हती, तळव्यांनी तोलायचं होतं.

"तुम्ही नुसतं फिरवा," त्या म्हणाल्या. "वळवायचं मी बघते."

ते फिरवू लागले, त्या वळवू लागल्या. मधेच त्या म्हणायच्या, हळू, आणि ते हळू व्हायचे. कुरडई गोल पडली. पुढची त्याहून गोल. मग कुणी आमच्याकडं बघेना, कारण पारूबाईंनी जावयाची गोष्ट काढली होती आणि कडूबाईंना मधली दोन वर्षं भरून काढायची होती. त्या बोलत होत्या, विचारत होत्या, मधेच मोठ्यानं हसत होत्या. साहेबराव घामाघूम होऊन गप्प फिरवत होते.

मी मात्र दमलो. शेवटच्या पातेल्याला आटे सुटायला लागले. दांडा फिरे, पण दट्ट्या खाली जाईना, आणि चीक वरून बाहेर येई. कसंबसं पार पडलं. उठताना सारजाबाईंनी सांगून टाकलं, उद्या पारूबाईकडं, परवा कडूबाईकडं. कुणी विचारलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही.

घरी येऊन साहेबरावांनी मला मांडीवर आडवं धरलं. आट्यांवरून बोट फिरवलं. हे आटे परत पडायचे नाहीत, म्हणाले. कडूबाई पाय पसरून भिंतीला टेकल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून एकही वस्तू मागितली नव्हती. त्या म्हणाल्या, "मंग नवा आणा. पण मोठ्या कानांचा बघा. एकानं धराया, एकानं फिरवाया."

साहेबराव असे उठले, की जणू त्यांचं वय झालंच नाही. मला पिशवीत घातलं, मोडीत देऊन नवा घ्यायला. आता ते चपला शोधतायत.

मला मोडीत जायचं दुःख नाही. पितळ आहे मी, वितळलो की विसावेन. घासूनपुसून फळीवर शोभेला ठेवलेलं मला आवडणार नाही. पण साहेबराव, चपला जरा काढून ठेवा. उद्या पारूबाईंकडं त्यांचा सोऱ्या आहे. परवा बाया आपल्या गच्चीवर यायच्यात. तेवढं एक पातेलं मी अजून दाबीन, दांडा थोडा रेटून धरा. कासारी बाजाराला तेरवा जा.