मी पेटले नाही

मी ऑस्ट्रेलियाची लाल वाइन बोलतेय. नाक मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या. तापलेल्या मातीतल्या काळ्या द्राक्षांतून मी जन्मले आणि लाकडी पिंपात मुरले. रंग असा गडद, की पेला उजेडात धरला तरी पलीकडचं बोट दिसायचं नाही. पहिल्या घोटाला पिकलं जांभूळ, मग मिऱ्याचा तिखटपणा, मग पिंपाच्या लाकडाचा धुरकट वास. शेवटी कच्चं टेंभरू चावल्यासारखी जीभ आवळते. मिळमिळीतपणा माझ्यात नावाला नाही, आणि त्याची मला भारी घमेंड होती.

आधी बोट, मग मालगाडी, असं करत मी गोंदियाला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर आले. माझ्यासोबतच्या बाटल्या साहेबानं रिचवल्या. पुढं त्याची बदली झाली आणि कपाटात मी एकटी उरले. खानसामा छोटेलाल मला पुसून ठेवायचा, पण कधी चोरून प्याला नाही.

गोंदियाजवळच्या गोरेगावकडचा केशोराव त्या बंगल्यावर तांदूळ पोचवायचा. त्याची बायको शांतीबाई बाळंतपणात फार रक्त जाऊन पांढरीफटक पडली होती. रेल्वेच्या डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं, लाल वाइन मिळाली तर रोज दोन चमचे दे, ताकद येईल. केशोरावनं हात जोडले आणि छोटेलालनं मला देऊन टाकलं. मी काही संजीवनी नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण तो माणूस वाटभर मला छातीशी धरून चालला, तेव्हा वाटलं, या बाईनं जगावं.

बूच काढायचं हत्यार त्या घरी कुठलं! केशोरावनं बूच आतच ढकललं. शांतीबाईनं चमचाभर घेतलं, तोंड वाकडं केलं आणि मग हसली.

"जांभूर खाल्ल्यासारखं लागते," ती म्हणाली. "गळा काही जळला नाही."

तिथंच घात झाला. तिची सासू धुरपताबाई चुलीपाशी होती. "जळला नाही? मंग हे दारू कायची?"

त्या मुलखात मोहाची दारू पारखायची एक रीत आहे. चुलीत शिंपडायची, भडकली तर खरी. धुरपताबाईनं मला घोटभर चुलीत ओतलं. चर्र झालं आणि निखारा काळा पडला.

"पानी व्हय हे! त्या खानसाम्यानं फसवलन तुले."

पाणी? मी? संतापानं मी बाटलीत नुसती धुमसत राहिले.

मग तिनं घरातली पहिल्या धारेची मोहाची काढली. चुलीत पडताच निळा जाळ उठला. सुनेवर तिचा जीव होता हो. "घे माय, अंगात गरमी येईल," म्हणत तिनं स्वतःच्या हातानं वाटीभर पाजली. त्या पोरीच्या पोटात कित्येक दिवस धड पेजही नव्हती. ती झोपली ती उठलीच नाही. दिवे लागायच्या आत गेली.

तेरवी झाल्यावर केशोराव मला घेऊन बंगल्यावर गेला, छोटेलालच्या डोक्यात घालायला. "पानी देल्लास काऊन?" तो ओरडला. "आगीत टाकलं, तं विझलं!"

छोटेलाल चकित झाला. "अरे भाई, ये अंगूर की है, महुआ थोडे ही है जो भभकेगी! बहू कैसी है?"

केशोरावनं मला खाली घेतलं आणि घरची वाट धरली.

घरी धुरपताबाई नातीला मांडीवर घेऊन कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होती. "काय म्हणलन तो?" तिनं विचारलं. "माह्या हातानं तं काही चुकलं नाही ना रे, बापा?"

केशोराव मला घेऊन पोरीपाशी टेकला. मग म्हणाला, "पानीच होता, माय. कबूल झाला तो."

म्हातारीनं डोळे मिटले आणि पोरीला जवळ ओढलं. केशोरावनं मला परसात नेऊन सगळं ओतून दिलं. आता बुडाशी चिकटलेला गाळ तेवढा मी उरले आहे.

तुम्ही कधी त्या गावी गेलात आणि माझी चौकशी निघाली, तर एवढं करा. मी पाणीच होते म्हणून सांगा.